टर्बोचं खूळ आणि सात पायऱ्यांचा घाट

शनिवारी सकाळी सव्वासातला शहाद्याहून फोन आला. एवढ्या सकाळी गावाकडून फोन म्हटलं की छातीत धस्स होतं, तसं झालं. पण फोनवर मामेभाऊ होता आणि स्वारी भलतीच खुशीत होती.

"दादा, गाडीला टर्बो टाकून राहिलो! किट, फिटिंग, रिमॅप सगळं धरून दीड लाख. दीडशे एचपी होईल म्हणतो तो. फक्त पप्पांना सांगू नको."

गाडी म्हणजे 2008 ची स्विफ्ट, 1.3 पेट्रोल. 1298 सीसी, 87 एचपी, 113 न्यूटन-मीटर टॉर्क आणि तोही 4500 आरपीएमला. मामांनी ती नवी घेतली तेव्हा हा मामेभाऊ चड्डीत फिरत होता. आता ती त्याच्या ताब्यात आलीय. वापर काय, तर शहादा ते धडगाव, महिन्यातून एकदा मित्र भरून तोरणमाळ, आणि हिवाळ्यात प्रकाशाच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक. याला दीडशे एचपी कशाला लागतात?

मी त्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुपारी डोकं थंड झाल्यावर वाटलं, नुसतं ओरडून उपयोग नाही. हे खूळ त्याच्या एकट्याचं नाही. धुळ्यात, नाशकात, पुण्यात, जिथे जिथे पंचविशीतली पोरं आणि पंधरा वर्षांची जुनी गाडी एकत्र येतात तिथे हेच चाललंय. "टर्बो टाक" हा मंत्र झालाय. म्हणून हा शनिवार-रविवार यात घालवतोय.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालणाऱ्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. टर्बो वाईट आहे असं माझं म्हणणं नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की टर्बो ही कारखान्यात बसवायची वस्तू आहे, गॅरेजमध्ये बसवायची नाही. जुन्या, लहान पेट्रोल इंजिनात जास्तीची हवा कोंबायचीच असेल तर सुपरचार्जर हे शहाणं उत्तर आहे. आणि तरीही आपल्याकडे जो तो टर्बोच सुचवतो, याचं कारण इंजिनिअरिंग नाही. भंगार बाजार आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (ठाऊक असणाऱ्यांनी हा परिच्छेद उडी मारून पुढे जावं.) इंजिनात जेवढी हवा जाईल तेवढंच पेट्रोल जाळता येतं. हवा जास्त भरली की ताकद जास्त. ती भरायचे दोन मार्ग. पहिला, इंजिनाच्याच पुलीवरून पट्टा घ्यायचा आणि त्यावर एक पंखा किंवा ब्लोअर फिरवायचा, पिठाच्या गिरणीला पट्ट्यावर फिरवायचे तसा. हा सुपरचार्जर. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी 1860 साली दोन पाकळ्यांच्या ब्लोअरचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. तो ब्लोअर भट्ट्यांना हवा मारायच्या कामी यायचा. थोडक्यात, लोहाराचा भाता. दुसरा मार्ग, सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा कोंबायची. हा टर्बो. याचं पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली घेतलं. कल्पना अप्रतिमच आहे. जे फुकट जात होतं त्यावर काम करून घ्यायचं.

पण यात एक मेख आहे. टर्बो फिरायला भरपूर एक्झॉस्ट हवा, भरपूर एक्झॉस्ट निघायला भरपूर हवा आत जायला हवी, आणि ती हवा देणार कोण? टर्बोच! आधी कोंबडी की आधी अंडं. हे चक्र जमून येईपर्यंत जो वेळ जातो तो टर्बो लॅग.

लॅग म्हणजे काय हे मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो नाही, नंदुरबार स्टेशनवर शिकलो. सुरत-भुसावळ लाईनवर विजेच्या तारा यायच्या आधी गाड्यांना डब्ल्यूडीएम-2 ही डिझेल इंजिनं असायची. सोळा सिलिंडर, 2600 हॉर्सपॉवर, टर्बोचार्ज्ड. गाडी सुटताना ड्रायव्हर नॉच वाढवायचा आणि इंजिनाच्या डोक्यावरून काळाकुट्ट धूर भसकन वर जायचा. प्लॅटफॉर्मवरच्या बायका पदर नाकाला लावायच्या. आम्हाला पोरांना वाटायचं, काय ताकद आहे! ती ताकद नव्हती हो. डिझेल आत गेलं होतं, पण टर्बो अजून वेगात यायचा होता, हवा कमी पडत होती, आणि न जळलेलं इंधन काजळी होऊन बाहेर पडत होतं. गाडी थोडी पळाली, टर्बो जागा झाला की धूर विरळ व्हायचा. तो काळा धूर म्हणजे डोळ्यांना दिसणारा लॅग.

गंमत पुढे आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी रेल्वेने जनरल मोटर्सच्या तंत्रावरची डब्ल्यूडीजी-4 जातीची इंजिनं आणायला सुरुवात केली. त्यांच्या टर्बोला एक गिअर आणि एका दिशेनेच पकडणारा क्लच असतो. इंजिन कमी नॉचवर असताना टर्बोला इंजिन स्वतः गिअरने फिरवतं, म्हणजे तेव्हा तो चक्क सुपरचार्जर असतो. एक्झॉस्टचा जोर पुरेसा झाला की क्लच सुटतो आणि तो टर्बो होतो. जगातल्या बड्या कंपनीच्या इंजिनिअरांना चार हजार हॉर्सपॉवरच्या इंजिनातसुद्धा खालच्या वेगाला टर्बोवर विसंबणं परवडलं नाही, आणि आमचा हा भाऊ 1298 सीसीवर विसंबणार.

आता घाटात येऊ. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला जाणारे जाणतात. वर पोचताना सातपायरी घाट लागतो. वळणावर वळण, एकावर एक रचल्यासारखी. तिथे ताशी 25-30 च्या वर कोणी शहाणा माणूस वळत नाही. या स्विफ्टच्या गिअरचं गणित केलं तर दुसऱ्या गिअरमध्ये 1000 आरपीएमला साधारण 14 किलोमीटरचा वेग येतो. म्हणजे 28 च्या वेगाने वळताना इंजिन 2000 वर आहे. वळणातून बाहेर पडताना जी ताकद हवी ती या 2000 वर हवी. धडगावच्या वाटेवरच्या चांदसैली घाटात तेच, फक्त रस्ता आणखी अरुंद, आणि पावसाळ्यात वरून दगडमाती.

दीडशे एचपीचं आमिष दाखवणारा टर्बो या इंजिनाला कधी जागा होणार? 1.3 लिटरवर दीडशे एचपी काढायला मोठं चाक लागतं, आणि मोठं चाक 3000-3500 च्या आधी धड बूस्ट देत नाही. म्हणजे अख्ख्या घाटात जिथे गाडी 2000 ते 3000 मध्ये चालते तिथे दीड लाख रुपये झोपलेले. उलट एक्झॉस्टच्या वाटेत चाक अडवं आल्याने आणि त्यासाठी कॉम्प्रेशन कमी केलं असेल तर त्यामुळेही, खालची ताकद होती त्याहून कमीच होते. कंपनीने दिलेली गाडी घाटात पुढे, आणि दीड लाखाची मागे.

सुपरचार्जर पट्ट्याने बांधलेला. इंजिन फिरलं की तो फिरला. 2000 वर पाकळ्यांतून थोडी हवा मागे गळते, त्यामुळे पूर्ण बूस्ट मिळत नाही हे कबूल. पण जे मिळतं ते पाय दाबल्याबरोबर मिळतं, आणि पाय जेवढा दाबला तेवढंच मिळतं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना एका वाक्यात सांगतो. टर्बो म्हणजे थ्रूपुट आणि सुपरचार्जर म्हणजे लेटन्सी. रात्रीचा बॅच जॉब असेल तर थ्रूपुट बघा. पण समोर माणूस बटण दाबून बसलाय तिथे लेटन्सी बघावी लागते. सलग सव्वाशेने जाणारा हायवे हा बॅच जॉब आहे. घाट हा बटण दाबून बसलेला माणूस आहे.

आणि हे नुसतं सोयीचं भांडण नाही. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात एका मित्राच्या गाडीतून तोरणमाळला गेलो होतो. असंच 1.3 पेट्रोल, असाच बाहेरून बसवलेला टर्बो. (कुठल्या गॅरेजने बसवला ते विचारू नका, सांगणार नाही.) तिसऱ्या की चौथ्या वळणावर त्याने पाय दाबला. काहीच नाही. म्हणून अजून दाबला. तरी काही नाही. मग पूर्ण दाबला, आणि वळण अर्धं बाकी असताना सगळा बूस्ट एकदम आला. रस्ता ओला, पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, स्टिअरिंग वळवलंय एकीकडे आणि गाडी निघाली सरळ दरीच्या बाजूला. त्याने पाय उचलला म्हणून बाहेरच्या चाकाखाली मुरूम लागल्यावर गाडी थांबली. समोरून त्याच वेळी डोक्यावर मोळ्या घेतलेल्या दोन बाया खाली उतरत होत्या. त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या. ती नजर मी विसरलेलो नाही.

मित्र चालवण्यात कच्चा नव्हता. पायाने मागितलेलं आणि चाकाला मिळालेलं यात दीड सेकंदाचा फरक असेल तर कितीही पक्का माणूस काय करणार? या घाटांत आपण एकटे नसतो. टपावर माणसं बसलेल्या जीपा असतात, एसटी असते, शेरडं असतात, पायी चालणारे असतात. तुमच्या डायनोच्या कागदाशी त्यांना काय करायचंय?

आता टर्बोवाल्यांचे आक्षेप. मला पाठ आहेत.

पहिला, "सुपरचार्जर इंजिनाचीच ताकद खातो." हो, खातो. किती? बसा, हिशोब करू. बूस्ट 0.4 बार धरा. 5000 आरपीएमला या इंजिनातून जाणारी हवा तेवढी दाबायला साधारण साडेपाच एचपी लागतात. गिअर, बेअरिंग, पट्टा यांचं घर्षण धरून सात-आठ म्हणा. आणि मिळतं काय? इंटरकूलर असेल तर हवा जवळजवळ तीस टक्के जास्त, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस एचपी. आठ दिले, अठ्ठावीस घेतले. हातात वीस उरले. 87 चे 105-107 झाले, आणि ते सगळ्या आरपीएमवर पसरलेले. बरं, टर्बोचं चाक तरी खरंच फुकट फिरतं का? पिस्टनला जळका वायू त्या चाकाच्या अडथळ्यातून ढकलून बाहेर काढावा लागतो, ते श्रम इंजिनाचेच. टर्बोचं बिल कमी येतं हे खरं, पण बिल येतं.

दुसरा, "सुपरचार्जर हवा जास्त तापवतो." हा आक्षेप बरोबर आहे आणि आपल्या भागात तर फार बरोबर. मे महिन्यात शहाद्याला 42 अंश म्हणजे काही विशेष नाही. ती हवा 0.4 बारने दाबली तर साध्या रूट्स जातीच्या ब्लोअरमधून ती शंभर अंशांच्या आसपास बाहेर पडते. चांगल्या टर्बोतून 87 च्या आसपास. गरम हवा विरळ, म्हणून दाब चाळीस टक्के वाढला तरी ब्लोअरमधून प्रत्यक्षात हवा वाढते अठरा टक्के, टर्बोतून बावीस. शिवाय गरम हवेने इंजिन नॉक करतं, म्हणजे उरलेलं पेट्रोल ज्वाळा पोचायची वाट न बघता आपोआप फुटतं आणि पिस्टन खातं. पण याला उत्तर इंटरकूलर आहे, टर्बो नव्हे. दोघांचीही हवा 60 अंशांवर आणली की दोघांची वाढ सारखीच, बत्तीस टक्क्यांच्या आसपास. आणि दीडशे एचपीवाला टर्बो 0.4 वर थांबत नाही, त्याला 0.8-0.9 बार लागतो. मग तुमची थंड हवा कुठे राहिली?

तिसरा आणि लाडका, "मग सगळ्या कंपन्या टर्बोकडे का गेल्या?" खरंय, गेल्या. मिनी कूपर एसला 2006 पर्यंत 1.6 लिटर इंजिनावर ईटनचा सुपरचार्जर होता, पुढच्या पिढीत टर्बो आला. मर्सिडीजच्या पाठीवर कॉम्प्रेसर असं लिहिलेलं असायचं, ते गेलं. फोक्सवॅगनने 2005 मध्ये 1.4 लिटरच्या गोल्फ जीटीला दोन्ही लावले होते. खाली सुपरचार्जर, 3500 च्या वर एकटा टर्बो, 170 एचपी. नंतर त्यांनीही सुपरचार्जर काढून टाकला. टर्बोवाले हे सांगून विजयी मुद्रेने बघतात.

पण त्यांनी त्याच्या जागी काय ठेवलं ते बघा ना! आपल्या चाकणला बनलेली 2013 ची पोलो जीटी टीएसआय घ्या. 1.2 लिटर, 105 एचपी आणि 175 न्यूटन-मीटर टॉर्क 1500 आरपीएमपासून. आपल्या रांजणगावच्या नेक्सॉनचं 1.2 टर्बो पेट्रोल 2017 मध्ये आलं तेव्हा 170 न्यूटन-मीटर 1750 ला. या कंपन्यांनी मुद्दाम लहान चाकाचा टर्बो निवडला, म्हणजे तो लवकर जागा होतो. पिस्टन, व्हॉल्व्ह, कूलिंग, गिअरबॉक्स सगळं त्या हिशोबाने पहिल्यापासून बनवलं. आणि 42 अंशांपासून बर्फापर्यंत गाड्या पळवून पळवून ईसीयूचे तक्ते भरले. एवढं सगळं करून आकडा किती घेतला? 105 किंवा 110! दीडशे घेतला नाही. कंपनीने टर्बो वापरला तो सुपरचार्जरसारखा वागावा म्हणून, खालून लगेच उठावा म्हणून. आणि वर मायलेजची परीक्षाही पास व्हावी म्हणून, जी आमच्या भावाला द्यायची नाहीये. कंपनीचा दाखला देऊन गॅरेजचा टर्बो खपवणं म्हणजे शेजारच्याचा पोरगा कलेक्टर झाला म्हणून आपल्या पोराला लाल दिवा लावण्यासारखं आहे.

आणि लहान चाकसुद्धा प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. 1.3 लिटरचं फियाटचं डिझेल इंजिन रांजणगावला बनायचं, टाटांच्याही गाड्यांत असायचं. तेच इंजिन मारुती स्वतः बनवून स्विफ्ट-डिझायरमध्ये घालायची. 2020 पर्यंत अख्खा खानदेश त्यावर चालला. त्याचा लॅग ज्याने घाटात भोगलाय त्याला हा लेख वाचायची गरजच नाही. 2000 च्या खाली मेलेलं, वर गेलं की तीर. चढाला पहिला गिअर की दुसरा याचा घोळ प्रत्येक डिझायरवाल्याने केलाय. तो तर कंपनीने बसवलेला होता!

चौथा आक्षेप, "वर चढलं की हवा विरळ होते, तिथे टर्बो बरा." बरोबर. टर्बोला नियंत्रण असेल तर तो उंचीवरची तूट भरून काढू शकतो, पुलीला बांधलेला सुपरचार्जर तेवढं करू शकत नाही. म्हणूनच डोंगरी देशात आणि विमानांत टर्बो गाजला. पण तोरणमाळ म्हणजे लडाख नव्हे. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, हवेचा दाब कमी होतो बारा-तेरा टक्के. तेवढं सोसू.

याउलट एक गोष्ट टर्बोवाले बोलत नाहीत. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो आणि इंजिनाच्या ऑइलवर तरंगतो. घाट चढून वर यशवंत तलावापाशी आलात, टर्बो लालबुंद झालाय, आणि फोटो काढायला म्हणून तुम्ही लगेच चावी फिरवलीत. ऑइल जागच्या जागी थांबलं, करपलं, नळीत कोळसा झाला. अशा चार ट्रिपा झाल्या की निळा धूर सुरू. आधी दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं ही शिस्त चार मित्र गाडीत ओरडत असताना कोण पाळणार? ईटनच्या ब्लोअरचे गिअर स्वतःच्या बंद डब्यातल्या तेलात असतात. त्याला एक्झॉस्टची आच लागतच नाही.

मग गॅरेजवाला सुपरचार्जर का नाही सुचवत? कारण त्याच्याकडे नाहीये! आपल्याकडे सुपरचार्जरची गाडी म्हणजे जुनी मर्सिडीज नाहीतर मिनी. जपानमध्ये सुबारूने 658 सीसीच्या विव्हिओला सुपरचार्जर लावला, असल्या गाड्या आपल्या भंगारात कधी आल्याच नाहीत. पण टर्बो? वीस वर्षांच्या डिझेल गाड्यांनी भंगार बाजार भरून वाहतोय. पाच-सात हजाराला उचला. तो पेट्रोलच्या इंजिनाला लावा. आता डिझेलचा एक्झॉस्ट तापून तापून साधारण आठशे अंशांपर्यंत जातो, पेट्रोलचा साडेनऊशे आणि त्याही वर. जी धातू त्या आचेसाठी केलेलीच नाही ती किती दिवस टिकणार? हे गॅरेजवाल्याला ठाऊक नसतं असं नाही. पण गाडी त्याच्या दारातून वाजत-गाजत बाहेर पडते, आणि फुटते ती चार महिन्यांनी, राणीपूरच्या पुढे, जिथे मोबाईलला रेंज नसते.

शिवाय तो फुस्स आवाज! गिअर बदलताना टर्बोचा व्हॉल्व्ह फुसफुसतो, त्याचे रील निघतात. अर्धे टर्बो त्या आवाजासाठी बसतात असं माझं प्रामाणिक मत आहे. :)

एवढं सगळं सुपरचार्जरच्या बाजूने बोललो म्हणून कोणी लगेच ब्लोअर शोधायला धावू नका. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात आणि त्या माझ्याही बाजूच्या नाहीत.

एक, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीच्या वेळी कंपनीचा जो तपशील आहे त्यापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आलं. बेकायदा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. टर्बोलाही हेच, सुपरचार्जरलाही हेच. आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न कोणता विचारेल? तेव्हा मी मांडतोय तो वाद रस्त्यावरच्या गाडीसाठी नाही. रॅलीच्या, ट्रॅकच्या, बंद जागेतल्या गाडीसाठी आहे. तिथेही फुकट काही नाही. मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हवा कोंबलेल्या पेट्रोल इंजिनाची सीसी 1.7 ने गुणतात. म्हणजे 1298 चे झाले 2206. चौदाशेच्या आतल्यांशी खेळणारा तुमचा गडी एकदम बावीसशेच्या पैलवानांत.

दोन, गाडीचं वय. सतरा-अठरा वर्षांच्या इंजिनाचे रिंग, क्लच, गिअरबॉक्स हे 113 न्यूटन-मीटरसाठी बनलेले आणि निम्मे झिजलेले. त्यावर कुठलंही ओझं टाकायच्या आधी कॉम्प्रेशन तपासा. इंजेक्टर पुरतात का बघा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. त्याने नॉकिंग कमी होतं हे चांगलं, पण तेवढीच ताकद काढायला इंधन जास्त लागतं आणि जुने इंजेक्टर आधीच पुरेपूर चाललेले असतात. इंधन कमी पडलं की पिस्टनला भोक. मग टर्बो असो की सुपरचार्जर, भोक सारखंच.

म्हणून भावाला माझं सांगणं, हे वाचत असशील तर. दीड लाखात चार चांगले टायर घे, ब्रेकचं सगळं काम करून घे, सस्पेंशनचे बुश बदल, क्लच बदल, रेडिएटर साफ कर. यातलं काही बेकायदा नाही. एवढं करून निम्मे पैसे उरतील, ते ठेव बाजूला. आणि टर्बोच पाहिजे असेल तर पाच-सहा वर्षं जुनी, कंपनीनेच टर्बो बसवलेली पेट्रोल गाडी बघायला लाग. तिथे टर्बोला माझा नमस्कार आहे. आणि ब्लोअर बसवून बघायची खाज असेल तर ये पुण्याला. एखादं भंगारातलं इंजिन आणू, स्टँडवर लावू आणि दोघं मिळून हात काळे करू. त्यात कोणाचा जीव जात नाही.

लेख इथेच संपणार होता. पण आत्ता रविवारी संध्याकाळी मामांचा फोन आला. त्यांना सगळं कळलंय. (मी सांगितलं नाही, शपथ.) मला वाटलं आता पैशांवरून सुरू होतील. तर म्हणाले, "काय रे, ते टर्बो टाकल्यावर चढावर खालून गाडी लवकर उठते का?"

म्हटलं, "नाही मामा. उशिरा उठते. पण उठली की जोरात पळते."

"मग चढावर काय कामाचं ते?" मामा म्हणाले, आणि केळीला पाणी सोडायचंय म्हणून फोन ठेवून दिला.